गोपीचंद, मु. आसगाव, यांजकडून सप्रेम भेट

भंडारा, बुधवार
(सकाळचा चहा झाल्यावर, आंघोळीच्या आधी)

आसगाव मुक्कामी बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर सुखाने नांदणारे, आधी माझे वर्गमित्र आणि मग माझे साळे झालेले श्री. गोपीचंदजी यांस त्यांचा भाटवा तेजराम याचा नमस्कार आणि वडीलकीचा आशीर्वाद, दोन्ही. आपल्याला जे लागेल ते ठेवून घ्यावे, उरलेले घरात वाटावे.

रीत झाली. आता 'तू' म्हणतो, कारण ज्याची पाटी मी तीन वर्षं थुंकून पुसली त्याला चार पानं 'आपण' म्हणणं माझ्याच्याने व्हायचं नाही. तुझा गुडघा कसा आहे? धान घरी आलं का? फोन का केला नाही असं विचारशील. फोनवर तू 'हालो, आवाज येऊन नाही राहिला' याच्या पुढे जात नाहीस, आणि हा विषय असा आहे की मध्येच आवाज गेला तर गैरसमज होईल. आमच्या सगळ्यांच्या प्रकृती ठीक. मुलगा योगेंद्र जवाहरनगरच्या बसने वेळेवर जातो, वेळेवर येतो; मधल्या वेळात दारूगोळ्याच्या फॅक्टरीत काय करतो ते तो सांगत नाही आणि आपण विचारायचंही नसतं. तुझी बहीण रेवता मात्र गेल्या आठवड्यातल्या मंगळवारपासून माझ्याशी बोलत नाही. तिचा पितळी गंज, दुधाचं पातेलं, सापडत नाही. तोच, जो लग्नात तू दिला होतास. बावन्न वर्षं ती त्यात दूध तापवते आहे. वस्तू येतात-जातात, असं मी तिला समजावून पाहिलं. तेव्हापासून माझा चहासुद्धा सुनेच्या हातून येतो. (गंजाचा विषय सहज निघाला. पुढे जाऊ.)

सून म्हणजे आमची डिंपल. ती तुला ठाऊक आहे, तिची नोकरी ठाऊक नसेल. शहापूरकडे जाताना हायवेला लागून सात मजल्यांची काचेची इमारत झाली आहे (नाव लिहीत नाही, चौकशी चालू आहे). खाली बँक, मधे विमावाले, त्यावर शिकवण्या, आणि सगळ्यात वर अशी कार्यालयं की तिथे काय चालतं हे तिथल्यांनाही सांगता येत नाही. आपल्या जिल्ह्यात सात मजले म्हणजे ढगाला हात. तिथे डिंपल 'सुरक्षा समन्वयक' आहे, करारावर. नात अंजू पाळण्यात असताना एका हाताने दोरी ओढत, दुसऱ्या हातात पुस्तक धरत तिने ही नोकरी मिळवली. करार एकतीस तारखेला संपतो, आणि तो वाढवायचा की नाही हे तिने बसवलेल्या एका सरावावर ठरायचं होतं. गोपी, एवढं लक्षात ठेव. बाकी मी वाहवत जाऊन बरंच लिहिणार आहे, पण मुद्दा तो आहे.

मी रोज दुपारी तिचा डबा घेऊन जातो. डबा हे निमित्त. सातव्या मजल्यावर निर्मलाबाईंची चहाची खोली आहे आणि तिच्या खिडकीतून धानाच्या बांध्या पार नदीपर्यंत दिसतात. इतक्या उंचीवर बसलो आणि शाळेतल्या कविता मला पहिल्यांदा कळल्या. आपण वर्गात 'उंच उंच' म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडायचो, पण त्या वेळी उंच म्हणजे मारुतीच्या देवळाचा कळस, आणि तोही गुरुजींच्या छडीच्या टोकाने दाखवलेला. निर्मलाबाईंचा एक पाय लहानपणापासून अधू. सकाळी एकदा वर आल्या की संध्याकाळपर्यंत खाली उतरत नाहीत. मी कविता म्हणतो, त्या चहा करतात, आणि मधूनच "हे कडवं कालच झालं जी गुरुजी" अशी आठवण देतात. अशी श्रोती मला चाळीस वर्षांच्या नोकरीत मिळाली नाही.

तर गेल्या महिन्यात वरून तपासणीची माणसं आली. (वरून म्हणजे आठव्या मजल्यावरून नव्हे, सरकारातून.) आगीचं नियोजन पाहून त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, पण आग सोडून बाकी संकटांचं काय? भूकंप आला, पूर आला, वादळ झालं, लिफ्ट अडकली, मधमाश्या उठल्या तर माणसांनी करायचं काय? महिन्याभरात लेखी द्या. इमारतीचे व्यवस्थापक हेमराजसाहेब, वय चाळीस आणि आवाज साठीचा. त्यांना महिना लागलाच नाही. एका दुपारी त्यांनी आगीचा जुना आराखडा कॉम्प्युटरवर उघडला आणि जिथे जिथे 'आग' होतं तिथे एकदा 'भूकंप' घातलं, एकदा 'पूर', एकदा 'वादळ', एकदा 'लिफ्ट' आणि एकदा 'मधमाश्या'. पाच संकटं, पाच वह्या, प्रत्येकीला निळं पुठ्ठ्याचं कव्हर. त्या मी निर्मलाबाईंच्या खोलीत बसून अक्षर न् अक्षर वाचल्या. 'भूकंप लहान असतानाच दृष्टीस पडल्यास कर्मचाऱ्याने तो स्वतः विझवण्याचा प्रयत्न करावा.' 'पुरावर वाळूची बादली ओतावी.' 'वादळाचे कारण बहुधा विडी असते, सबब जिन्यात विडी ओढू नये.' 'मधमाश्या कपड्यांना लागल्यास जमिनीवर लोळावे व नळकांड्याचा फवारा मधमाशीच्या मुळाशी मारावा.' आणि प्रत्येक वहीच्या शेवटी एकच वाक्य: भोंगा वाजताच सर्वांनी जिन्याने उतरून खालच्या मैदानात जमावे. गोपी, मी चाळीस वर्षं नकला केलेले पेपर तपासले, शेजारच्याचं नावसुद्धा उतरवून ठेवणारी पोरं पाहिली. त्या वह्या वाचताना मला पुन्हा नोकरीवर रुजू झाल्यासारखं वाटलं.

या वह्या सही-शिक्का होऊन मंजूरही झाल्या. डिंपलने विचारून पाहिलं, "साहेब, पूर आल्यावर लोकं खाली कायले उतरतील जी?" साहेब म्हणाले, "मॅडम, मंजूर झालं आहे. आता पुरानं समजून घ्यावं." ती बिचारी घरी येऊन रोज रात्रीच्या जेवणानंतर खरा आराखडा लिहीत बसे: कुठल्या संकटात खाली उतरायचं, कुठल्यात वर जायचं, कुठल्यात जागेवरून हलायचंच नाही. तो कुणी वाचला नाही, कारण त्याला निळं कव्हर नव्हतं. पण साहेबांच्या वह्यांत एक फट राहिली होती. कर्ण्यावरून काय बोलायचं हे त्यांत कुठेच नव्हतं, आणि कर्ण्याचं काम डिंपलकडे. ती म्हणाली, सूचना सांगितल्या की लोकं ऐकतात आणि विसरतात. मी घास हातात धरून म्हणालो, कविता कुणी विसरतं का? योगेंद्रने ताटातून मान वर केली. "बाबा, तिची नोकरी जाईन न." रेवताने नुसतं वरण वाढलं. पण डिंपल थकलेली होती, आणि थकलेल्या माणसाला माझ्यासारख्याचं म्हणणं पटतं. तीन दिवसांत मी पाच संकटं पद्यात बसवली. पुराच्या कवितेत 'वर चढा' तीनदा आलं, साहेबांच्या 'खाली उतरा'चा तोल सांभाळायला. भूकंपाची अशी झाली:

धरणी हलली, बसा खाली,
शिरा आपल्या मेजाखाली;
डोक्यावरती हात ठेवा,
थांबेल ती, मग आठवा देवा.

आणि मधमाश्यांची, जी पुढे गाजली:

मोहोळ उठले, खिडक्या लावा,
जिन्याकडे ना कुणीही धावा;
पडदे ओढा, दिवा मालवा,
शेजाऱ्याला जवळ बसवा.

माझ्याच आवाजात ध्वनिमुद्रण झालं. मी हातवारेही केले, ते कर्ण्यातून दिसत नाहीत हे नंतर लक्षात आलं. पहिल्या चाचणीला चौथ्या ते सातव्या मजल्यावरची माणसं (खालच्या तिन्ही मजल्यांचे कर्णे अजून खोक्यातच आहेत) खुर्चीला टेकून ऐकत राहिली, आणि एका विमावाल्याने "आणखी एक होऊन जाऊ द्या" असा निरोप पाठवला. डिंपल म्हणाली, "मामाजी, कोनी उठलंच नाही." मला ते कौतुक वाटलं. तिला वाटलं नव्हतं.

आता मोहोळाकडे येतो. सातव्या मजल्याच्या सज्जाखाली, गच्चीच्या कठड्याला धरून, सुपाएवढं आग्या मोहोळ बसलं होतं. डिंपलने तीनदा लेखी कळवलं. हेमराजसाहेबांचं उत्तर तिन्ही वेळा एकच, की मोहोळाबाबत पत्रव्यवहार चालू आहे. कुणाशी, ते सांगितलं नाही, मोहोळाशीच असावा. गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी अकराला भूकंपाचा सराव ठरला. वरचे मोठे साहेब बघायला येणार. आदल्या संध्याकाळी डिंपल अंजूची वेणी घालता घालता स्वतःशीच बोलली, "ऐन वक्ती माश्या उठल्या त गेलं सारं." मी ते ऐकलं. एवढंच. मी फक्त ऐकलं.

मंगळवारी साडेदहाला गच्चीवरून धूर निघाला. कुणी केला, का केला, या खोलात आत्ता जात नाही. मी त्या सुमारास गच्चीच्या जिन्यात होतो (हवा छान होती). खाली फाटकावर गुलाब होता. हा गुलाब माझा चौथीतला विद्यार्थी. शाळेतही तो पाच मिनिटं आधी घंटा देऊन मोकळा व्हायचा. त्याने धूर पाहिला आणि आगीचा भोंगा दाबला. त्याच मिनिटाला मोहोळ उठलं. डिंपलने खिडकीतून ते काळं ढगासारखं पाहिलं, आणि पोरीने बरोबर मधमाश्यांचीच कविता लावली.

कुणाच्या जिवाला काही झालं नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे तुला मोकळेपणी हसता येईल. खालच्या तीन मजल्यांना फक्त भोंगा ऐकू आला. हेमराजसाहेब गळ्यात पट्टा, हातात भोंपू, अशा थाटात पुढे, आणि मागे रांगेने सगळी माणसं, जिन्याने उतरून मैदानात, जिथे माश्या आधीच जमल्या होत्या. साहेबांचा वहीवर विश्वास. त्यांनी आग विझवायच्या नळकांड्याची पिन ओढली आणि फवारा मधमाशीच्या मुळाशी मारायला घेतला. पण मूळ कुठे असतं हे वहीत नव्हतं. पांढऱ्या भुकटीत ते फोडलेल्या नारळासारखे उभे. मग वहीप्रमाणेच सगळे जमिनीवर लोळू लागले. बँकेचे मॅनेजर टायसकट लोळले. तेवढ्यात मोठे साहेब गाडीतून उतरले. त्यांना भूकंपाचा सराव बघायला बोलावलेलं. इतकी माणसं मनापासून लोळताना पाहून त्यांना गहिवरून आलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या टाळीला ते स्वतःच आडवे झाले. सतरा जणांना डंख. संध्याकाळपर्यंत सगळे घरी.

वरच्या चार मजल्यांवर साठ माणसं होती. त्यांनाही भोंगा ऐकू आला, चार-दोन जण उठलेही, पण माझं कडवं पुन्हा पुन्हा लागत होतं आणि चाचणीपासून त्यांना बसून ऐकायची सवय झाली होती. खिडक्या लागल्या, पडदे ओढले, दिवे मालवले. निर्मलाबाई कपबश्यांचा ट्रे घेऊन जिन्याच्या तोंडाशी होत्या. भोंग्याचं ऐकून लोक धावले असते तर त्या पायाने त्या जिन्यात कुठे राहिल्या असत्या, ते मला लिहायचं नाही. सातव्या मजल्यावरच्या एका कचेरीतल्या दोन पोरींनी चौथी ओळ ऐकली आणि बाईंना हाताला धरून आत नेऊन मधोमध बसवलं. दुसऱ्या दिवशी चहा देताना निर्मलाबाई मला म्हणाल्या, "भोंगा झाला का सारे माह्या बाजूनं पळतात जी. यावेळी पहिल्यांदाच कोनी थांबलं." मी कप तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

आता अहवाल ऐक. त्यात लिहिलं आहे की खालच्या मजल्यांनी मंजूर आराखड्याचं शंभर टक्के पालन केलं, सबब त्यांचा सराव यशस्वी. वरच्या साठ जणांना एकही डंख नाही, यावरून त्यांनी आदेश मोडला हे सिद्ध होतं; त्यांना समज द्यावी. मंजुरीविना कविता वाजवली गेली, हा वेगळा दोष. आणि सगळ्यात शेवटी, गच्चीवर धूर कुणी केला हे सुरक्षा समन्वयकाने शोधून पुढल्या आठवड्यातल्या शुक्रवारी, सकाळी अकराला, सातव्या मजल्यावर चौकशी समितीपुढे सांगावं. न सांगितल्यास दोष तिचा आणि करार संपला. अशी ही साठ माणसं वाचवणाऱ्या पोरीची दशा. डिंपल रात्री जेवत नाही. तू तुझ्या देवाला सांगून बघ. माझा सध्या कविता ऐकूनच दमला आहे. थोरांना नमस्कार (आपल्याहून थोर आता आसगावात वडाचं झाडच असेल), लहानांना पापे.

तुझा
तेजराम गुरुजी

ता. क. एक गोष्ट राहिली. गच्चीवर समितीला एक वस्तू सापडली आहे. पितळी गंज. आत गोवरीची राख आणि अर्धा जळालेला कडुनिंबाचा पाला. कडेला अक्षरं कोरलेली. त्यातली 'चि. सौ. कां. रेवता हिच्या विवाहप्रसंगी' एवढी अक्षरं बावन्न वर्षांच्या घासण्याने गेली. उरली ती अशी: 'गोपीचंद, मु. आसगाव, यांजकडून सप्रेम भेट'. समितीचं मत असं पडलं आहे की ज्याने माश्या उठवल्या त्याने आपलं नाव-गाव मुद्दाम मागे ठेवून वर टोमणाही मारला. तुला नोटीस येईल. घाबरू नकोस.

होय, मीच. डिंपलच्या सरावाआधी मोहोळ हटवावं एवढंच मनात होतं. बोडीवरच्या मोहाच्या झाडाचा मध आपण कसा काढायचो ते डोळ्यांपुढे उभं राहिलं: धूर, पाला, ओठांवरून ओघळणारा मध. फक्त दोन बारकावे विसरलो. एक, ते आपण अंधार पडल्यावर करायचो, सकाळी साडेदहाला नाही. दुसरा, झाडावर तू असायचास. मी खाली उभा राहून कविता म्हणायचो. तर तू आता दोन ओळी लिहून पाठव की गंज तुझा आहे. खोटं काही नाही, नाव तुझंच आहे. आसगावच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला कोण काय करणार? हे पत्र लिहिण्याचं कारण खरं म्हणजे हेच.

ता. क. दुसरा. रेवता चष्मा शोधत होती, तिला पत्र सापडलं. आठ दिवसांनी बोलली. "अवो, माह्या भावाले अटकवता काय? आन् माह्या दुधाच्या गंजात शेन जाळलं?" दोन्ही प्रश्नांत दुसऱ्याचा आवाज मोठा होता, हे तुला कळावं म्हणून लिहितो.

ता. क. तिसरा (संध्याकाळचे सहा). डिंपल कामावरून आली, तेव्हा रेवताने तिच्यादेखत पत्र माझ्यापुढे आपटलं. मी म्हटलं, आता सुनेला सगळं सांगावं लागेल. सांगायला लागलो तर तिने मधेच थांबवलं. गोपी, तिला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी समितीने तो गंज तिच्यापुढे ठेवून विचारलं होतं, ओळखता का? सहा वर्षं रोज तो तीच घासते आहे. ती म्हणाली, नाही. आणि दोष अंगावर घेऊन घरी येऊन मला चहा करून दिला. मी विचारलं, मला का नाही बोललीस? म्हणाली, "मले वाटलं, तुमी सांगसान."

आठ दिवस मी तो चहा पीत होतो.

कबुलीजबाब लिहायला बसलो तर सवयीने कडवंच झालं. डिंपलने वाचून कागद परत दिला. "मामाजी, साधं लिहा जी." मग लिहिलं: 'धूर मी केला. डिंपलला ठाऊक नव्हतं. कविताही माझी, ती मात्र मागे घेत नाही.' खाली सही.  शुक्रवारी हा कागद समितीपुढे वाचणार, आणि सोबत डिंपलचा आराखडा ठेवणार. त्याला मी निळं कव्हर घातलं आहे.

तेव्हा वर तुला जे लिहून पाठवायला सांगितलं ते खोड. पण यायचं मात्र तुला आहेच. समितीचा कारकून म्हणतो, जप्त गंज ज्याचं नाव त्यावर कोरलं आहे त्यालाच मिळेल, आणि तो मिळेपर्यंत रेवता त्या दोन प्रश्नांच्या पुढे माझ्याशी बोलणार नाही. पुढल्या आठवड्यातल्या शुक्रवारी पवनीहून येणारी सकाळची पहिली बस धर, आधार कार्ड विसरू नकोस. लिफ्ट बंद असेल. गुडघा घेऊन हळूहळू चढ, निर्मलाबाई चहा तयार ठेवतील. आणि मी वाचत असताना भोंगा झाला तर धावू नकोस. माझ्या शेजारी बस.